वसाहतकालीन भारतातील चहा : आसामचा मळा आणि महाराष्ट्रातील पेला – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील कोणत्याही घरी पाहुणा आला असता पाण्यापाठोपाठ चहा पुढे येतो. चहाला नकार देणे म्हणजे यजमानाच्या आदरातिथ्याचा अव्हेर करणे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. लग्न ठरविण्यापासून ते विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या पूर्वसंध्येपर्यंत चहापानाशिवाय आपले सार्वजनिक व खाजगी व्यवहार पार पडत नाहीत. किंबहुना विरोधी पक्षाला आपली नाराजी व्यक्त करावयाची असेल तर तो सरकारी चहापानावरच बहिष्कार घालतो. हे पेय आपल्या जीवनात इतके मुरलेले आहे की ते परंपरेने चालत आले असावे असे वाटते.

इतिहास मात्र वेगळे सांगतो. दूध-साखर घातलेला उकळता चहा ही भारतीय जनसामान्यांची सवय प्रामुख्याने विसाव्या शतकात रुजली. तिच्यामागे ईस्ट इंडिया कंपनीचा चीनशी असलेला व्यापार, अफूचा पैसा, आसामातील जमिनींचे अधिग्रहण, करारबद्ध मजुरांचे हाल आणि अखेरीस मंदीच्या काळात नवी बाजारपेठ शोधण्याची निकड, अशी दीर्घ साखळी आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या साखळीचा आढावा घेऊन महाराष्ट्राच्या सामाजिक जीवनावर चहाने कोणता परिणाम घडविला याचे विवेचन केले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) भारतात चहाच्या लागवडीचा उदय कोणत्या आर्थिक व राजकीय परिस्थितीतून झाला हे पाहणे.
२) आसामातील मळ्यांवरील मजुरांच्या स्थितीचा वसाहतकालीन कायद्यांच्या अनुषंगाने विचार करणे.
३) चहा भारतीयांच्या, विशेषतः महाराष्ट्रीयांच्या जीवनात कसा रुजला व त्यातून जातीय निर्बंधांना कोणते आव्हान मिळाले याचा शोध घेणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून वसाहतकालीन कायदे, प्रवासवर्णने आणि प्रकाशित अभ्यासग्रंथ यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१) चहा हा शब्द आणि चहा हे पेय

जगातील बहुतेक भाषांमध्ये या पेयाची नावे दोनच कुळांतील आहेत. चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरील ‘ते’ या उच्चारावरून डचांच्या मार्फत युरोपात ‘टी’ हा शब्द गेला. तर ‘चा’ या उच्चारावरून फारसी, पोर्तुगीज व बहुतेक भारतीय भाषांतील शब्द आले. मराठीतील ‘चहा’ हा शब्द या दुसऱ्या कुळातील आहे. म्हणजे पेय इंग्रजी अमदानीत सर्वत्र पसरले असले तरी त्याचे नाव आपण इंग्रजांकडून घेतलेले नाही.

याला ऐतिहासिक आधारही आहे. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक १६८९ मध्ये पश्चिम भारतात आला होता. त्याने सुरतेच्या आपल्या प्रवासवर्णनात तेथील लोक चहा पीत असल्याची नोंद केली आहे. साखर, लिंबू अथवा उष्ण मसाले घालून डोकेदुखी व पोटाच्या तक्रारींवर तो घेतला जात असे, असे त्यातून दिसते. हा चहा चीनमधून येणारा, महाग आणि औषधी स्वरूपाचा होता. व्यापारी बंदरांपलीकडील कुणब्याच्या घरात त्याला स्थान असण्याचे कारण नव्हते. आपल्याकडील काढ्याच्या परंपरेला मात्र तो जवळचा होता, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

२) चीनचा चहा, माळव्याची अफू आणि मुंबई

इंग्लंडमध्ये चहाची प्रतिष्ठा वाढविण्याचे श्रेय पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झा हिला दिले जाते. १६६२ मध्ये तिचा विवाह दुसऱ्या चार्ल्सशी झाला. याच विवाहाच्या करारान्वये मुंबई बेट इंग्रजांकडे आले. मुंबई आणि चहा या दोहोंचा इंग्रजी सत्तेशी संबंध एकाच विवाहाने जोडला जावा, हा योगायोग लक्षणीय आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चहाचा खप वाढत गेला. १७८४ च्या कायद्याने चहावरील जकात ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणण्यात आली. त्यामुळे चोरटी आयात थांबून कंपनीचा व्यापार प्रचंड वाढला. परंतु या चहाच्या मोबदल्यात चीनला द्यावयाचे काय, हा प्रश्न होता. चीनला इंग्रजी मालाची फारशी गरज नव्हती. त्याला चांदी हवी होती. ही चांदी वाचविण्यासाठी भारतात पिकणारी अफू चीनमध्ये चोरट्या मार्गाने विकण्याचा व्यापार वाढविण्यात आला. बंगाल-बिहारमधील अफूवर कंपनीची मक्तेदारी होती, तर माळव्याची अफू मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरातून कँटनला जाई.

मुंबईच्या भरभराटीत या व्यापाराचा वाटा मोठा होता. सर जमशेटजी जिजीभॉय यांनी कापूस व अफू यांच्या चीनशी असलेल्या व्यापारातून संपत्ती मिळविली आणि तिचा मोठा भाग लोकोपयोगी कार्यास दिला. १८४५ मध्ये सुरू झालेले जे. जे. रुग्णालय व १८५७ मधील कलाशाळा ही त्याची साक्ष आहे. लंडनमधील चहाचा पेला, कँटनमधील अफूची चिलीम आणि मुंबईतील रुग्णालयाची इमारत ही एकाच अर्थव्यवस्थेची अंगे होती असे म्हणावे लागेल. या व्यापाराचा शेवट १८३९ ते १८४२ च्या पहिल्या अफू युद्धात झाला नाही. उलट युद्धाने तो अधिक खुला झाला.

३) आसाम : ‘पडीक’ जमीन आणि चहाचे मळे

१८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीची चीनच्या व्यापारातील मक्तेदारी संपुष्टात आली. त्यामुळे चहासाठी चीनवर अवलंबून न राहता तो आपल्याच अमलाखालील प्रदेशात पिकवावा, असा विचार बळावला. १८३४ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंक याने त्यासाठी समिती नेमली.

वस्तुतः चहाचे झाड आसामात पूर्वीपासूनच होते. तेथील सिंगफो जमातीचे लोक त्याची पाने वापरीत. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याला सिंगफो प्रमुख बिसा गाम याच्याकडून त्याची माहिती मिळाली. पुढे १८२६ च्या यांडाबूच्या तहाने आसाम इंग्रजांच्या ताब्यात आला आणि रॉबर्टचा भाऊ चार्ल्स ब्रूस याने लागवडीस चालना दिली. आसामच्या चहाच्या आठ पेट्यांचा पहिला लिलाव १० जानेवारी १८३९ रोजी लंडनमध्ये झाला. त्याच वर्षी आसाम कंपनीची स्थापना झाली. इंग्रजांनी चहाचा ‘शोध’ लावला असे पाठ्यपुस्तकांत लिहिले जाते. परंतु ज्या वनस्पतीचा उपयोग स्थानिक जमात आधीच करीत होती, तिची केवळ बाजारपेठेशी गाठ घालून देण्यात आली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

मळ्यांसाठी जमीन मिळावी म्हणून १८३८ व १८५४ मध्ये ‘पडीक’ जमिनींबाबत नियम करण्यात आले. १८५४ च्या नियमांन्वये मोठमोठे भूखंड अत्यल्प साऱ्यावर ९९ वर्षांच्या मुदतीने देण्यात आले. ज्यांना पडीक म्हटले गेले त्या जमिनींचा मोठा भाग फिरत्या शेतीचा, गुरे चारण्याचा अथवा जंगलाचा होता. भूखंडाच्या किमान क्षेत्राची अट अशी होती की सामान्य आसामी रयतेला त्याचा लाभ घेणे अशक्यच होते.

स्थानिक उद्योजकाला या व्यवस्थेत किती वाव होता हे मणिराम दिवाण यांच्या चरित्रावरून कळते. आसाम कंपनीचे दिवाण असलेल्या मणिराम यांनी नोकरी सोडून स्वतःचे मळे उभारले. चहाची व्यापारी लागवड करणारे ते पहिले भारतीय मानले जातात. १८५७ च्या उठावात आहोम राजवटीच्या पुनःस्थापनेचा कट केल्याच्या आरोपावरून त्यांना २६ फेब्रुवारी १८५८ रोजी जोरहाट येथे फाशी देण्यात आले.

४) मळ्यांवरील मजूर आणि कायदा

चहाची पाने खुडणे, झाडे छाटणे व तण काढणे ही सर्व कामे हाताने करावी लागतात. आरंभी चिनी कारागीर व स्थानिक कछारी मजूर कामावर घेण्यात आले. परंतु मळे वाढत गेले तसे मजूर अपुरे पडू लागले. मळेवाल्यांनी मग छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओरिसा, मध्य प्रांत व मद्रास इलाख्यातून मजूर आणण्यास सुरुवात केली. आरकाटी म्हणून ओळखले जाणारे दलाल दुष्काळी भागात जाऊन चांगल्या मजुरीची आमिषे दाखवीत. त्यानंतर आठवडेच्या आठवडे चालणारा बोटीचा प्रवास सुरू होई.

या प्रवासात व मळ्यांवर पटकी, हिवताप आणि उपासमार यांनी हाहाकार माजविला. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत आसामात आलेल्या सुमारे ८५ हजार मजुरांपैकी सुमारे ३० हजार मजूर जून १८६६ पर्यंत मरण पावले होते. म्हणजे दर तिघांमागे एकाहून अधिक.

सरकारने कायदे केले नाहीत असे नाही. परंतु त्या कायद्यांचे स्वरूप दुहेरी होते. १८६५ च्या कायद्याने पुरुषास दरमहा ५ रुपये, स्त्रीस ४ रुपये व मुलास ३ रुपये अशी किमान मजुरी ठरविली. मात्र त्याच कायद्याने पळून जाणाऱ्या मजुरास वॉरंटाशिवाय अटक करण्याचा अधिकार मळेवाल्यास दिला. करार मोडणे हा दिवाणी प्रश्न न राहता फौजदारी गुन्हा ठरला. १८८२ च्या कायद्याने कराराची मुदत पाच वर्षांपर्यंत वाढविली. मजुराच्या संरक्षणासाठी म्हणून सांगितले गेलेले कायदे व्यवहारात त्याला मळ्याशी जखडून ठेवणारे ठरले.

याविरुद्ध आवाज उठला तो प्रथम बंगालमधून. दक्षिणाचरण चट्टोपाध्याय यांचे ‘चा-कर दर्पण’ हे नाटक १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्राह्मो समाजाचे द्वारकानाथ गांगुली यांनी मळ्यांवरील परिस्थितीची स्वतः पाहणी करून वृत्तपत्रांतून लेखमाला लिहिल्या. प्रशासनातही अपवाद होते. आसामचे मुख्य आयुक्त हेन्री कॉटन यांनी मजुरीवाढीचा आग्रह धरला. परंतु १९०१ च्या कायद्यात मळेवाल्यांच्या दबावामुळे ही वाढ कमी करण्यात आली व तिची अंमलबजावणीही लांबणीवर टाकली गेली.

असहकार चळवळीच्या काळात मजुरांनी स्वतःच आपला निर्णय घेतला. मे १९२१ मध्ये सुरमा खोऱ्यातील चरगोला भागातील हजारो मजूर गांधीजींचा जयजयकार करीत मळे सोडून आपल्या मुलखाकडे निघाले. चांदपूर येथे २० मे १९२१ च्या रात्री रेल्वे स्थानकात थांबलेल्या मजुरांवर गुरखा शिपायांनी हल्ला केला. त्याच्या निषेधार्थ रेल्वे व आगबोट कामगारांनी संप पुकारला. सी. एफ. अँड्र्यूज यांनी तेथे जाऊन मदतकार्य केले. भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात या घटनेला जितके स्थान मिळावयास हवे तितके ते मराठी इतिहासलेखनात मिळालेले नाही.

५) पंचहौद मिशनमधील चहा

आसामात करारबद्ध मजुरीची व्यवस्था पूर्ण जोमात असताना महाराष्ट्रात चहाने वेगळाच वाद उभा केला. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमासाठी अनेक प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक व गोपाळ कृष्ण गोखले हेही त्यांत होते. कार्यक्रमानंतर मिशनऱ्यांनी चहा व बिस्किटे दिली. काहींनी चहा घेतला, काहींनी केवळ मान राखण्यासाठी पेला हाती घेतला. हा कार्यक्रम घडवून आणणारे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून प्रसिद्ध होतील अशी व्यवस्था केली आणि पुण्यात एकच खळबळ उडाली.

ख्रिस्ती धर्मगुरूंच्या हातचा चहा घेतल्याने धर्म बुडाला की नाही, हा प्रश्न शंकराचार्यांपर्यंत गेला. चौकशीसाठी शास्त्र्यांची नेमणूक झाली. ग्रामण्य सुरू होऊन संबंधितांच्या घरी धार्मिक कृत्यांसाठी भटजी मिळेनासे झाले. टिळकांनी आपण काशी येथे प्रायश्चित्त घेतल्याची भूमिका मांडली. रानडे यांनी पुढे १८९२ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह प्रायश्चित्त घेतले. त्यामुळे सुधारक वर्गातून त्यांच्यावर टीका झाली. रमाबाई रानडे यांच्या आठवणींतूनही या प्रकरणाने कुटुंबावर आणलेल्या ताणाची कल्पना येते.

या प्रकरणाकडे सामान्यतः सुधारक आणि सनातनी यांच्यातील संघर्ष म्हणून पाहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु चहाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यात आणखी एक बाब दिसते. चहा कोणाच्या हातचा, हा प्रश्न पुण्यात दोन वर्षे गाजला. तो चहा कोणाच्या हातांनी खुडला, हा प्रश्न त्या वादात आला नाही. बंगालमध्ये कुली प्रश्न वृत्तपत्रांतून गाजत असताना आपल्याकडील वादाचा भर शिवाशिवीवर राहिला, हे नमूद करणे आवश्यक आहे.

६) जाहिरातीतून सवय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत भारतीय चहा मुख्यतः निर्यातीसाठीच होता. १८८८ च्या सुमारास इंग्लंडच्या आयातीत भारतीय चहाने चिनी चहाला मागे टाकले. उत्पादन मागणीपेक्षा वाढले तेव्हा मळेवाल्यांचे लक्ष भारतीय ग्राहकाकडे वळले. १९०३ च्या चहा उपकर कायद्याने निर्यातीवर कर बसवून त्यातून प्रचारासाठी निधी उभारण्यात आला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, गिरण्या व खाणींमध्ये चहाच्या टपऱ्या सुरू करण्यात आल्या. रेल्वे स्थानकांवर चहा कसा करावा याच्या सूचना देणारे फलक लागले. १९३० च्या दशकातील जागतिक मंदीत निर्यातीवर मर्यादा आल्यानंतर हा प्रचार अधिक तीव्र झाला. १९३७ मध्ये इंडियन टी मार्केट एक्सपान्शन बोर्ड अस्तित्वात आले. प्रचारक गावोगावी जाऊन फुकट चहा पाजू लागले.

राष्ट्रीय चळवळीतून या प्रचाराला विरोध झाला. रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी चहापानाविरुद्ध लेखन केले. महात्मा गांधींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर जी पुस्तिका लिहिली, तिच्यात चहा-कॉफीचा त्याग करण्याचा सल्ला दिला. तथापि १९४७ च्या सुमारास जाहिरातीत चरखा व चहाचा पेला एकत्र दाखवून चहा हेच स्वदेशी पेय असल्याचे सांगितले जाऊ लागले. परकीय भांडवलाने वाढविलेल्या पेयाने राष्ट्रीय चळवळीचेच प्रतीक उचलले, हे या प्रचाराच्या यशाचे गमक होय.

मात्र प्रचारकांना अभिप्रेत असलेला चहा भारतीयांनी स्वीकारला नाही. पाणी उकळून त्यात भरपूर पत्ती भिजवावी व वरून थोडे दूध घालावे, अशी शिकवण होती. आपल्याकडील विक्रेत्यांनी पत्ती कमी, दूध-साखर जास्त, शिवाय आले, वेलची अथवा गवती चहा घालून तो उकळविला. पत्तीचा खप कमी होतो म्हणून प्रचारक यावर नाराज असत. परंतु सामान्य माणसाला परवडणारा आणि काढ्याच्या चवीशी जुळणारा चहा हाच होता. आसामात १९३० च्या दशकात विकसित झालेल्या सीटीसी यंत्रामुळे थोड्या पत्तीत गडद रंग देणारा दाणेदार चहा पुढे स्वस्तात उपलब्ध झाला व उकळलेल्या चहाची पद्धत कायमची रूढ झाली.

७) पेला आणि जात

महाराष्ट्रात चहाने सार्वजनिक जागा निर्माण केल्या. इराणमधील यझ्द व केरमान भागांतून आलेल्या इराण्यांनी मुंबईत कोपऱ्या-कोपऱ्यांवर हॉटेले उघडली. धोबीतलाव येथील कयानी हे १९०४ मधील होय. संगमरवरी टेबलाभोवती गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी व व्यापारी एकाच प्रकारच्या कपबशीतून चहा पिऊ लागले. पुण्यात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी ‘अमृततुल्य’ दुकाने चालविली. तेथील विक्रेता ब्राह्मण असल्याने सोवळे जपणाऱ्या ग्राहकालाही बाहेरचा चहा घेणे सोपे गेले असावे. एकीकडे बंधन सैल होत होते, तर दुसरीकडे ते नव्या रूपात सांभाळले जात होते.

ग्रामीण भागात हा विरोधाभास अधिक ठळक होता. गावातील हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे. ती त्यांनी स्वतः घ्यावी, चहा वरून ओतून घ्यावा आणि स्वतःच विसळून ठेवावी, असा दंडक होता. दलित लेखकांच्या आत्मकथनांतून या अपमानाचे अनुभव आले आहेत. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांतील प्रवेशाचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, त्यामागे हेच वास्तव होते. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यानंतरही वेगळी कपबशी सर्वत्र एकदम नाहीशी झाली नाही. चहाने माणसे एकत्र आणली हे विधान म्हणूनच अर्धसत्य ठरते. ज्यांना एकत्र बसण्याचा अधिकार आधीच होता त्यांना त्याने अधिक जवळ आणले. इतरांना तो अधिकार संघर्ष करूनच मिळवावा लागला.

निष्कर्ष :

१) भारतातील चहाची लागवड ही चीनवरील अवलंबित्व संपविण्याच्या व्यापारी गरजेतून झाली. अफूच्या व्यापारामुळे मुंबईही या इतिहासाची वाटेकरी आहे.

२) आसामातील मळे रयतेच्या जमिनीवर आणि कायद्याने जखडलेल्या मजुरांच्या श्रमावर उभे राहिले. १९५१ मध्ये मळा कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. तथापि त्या मजुरांच्या आदिवासी वंशजांना आसामात अनुसूचित जमातीच्या दर्जासाठी दीर्घकाळ मागणी करावी लागली आहे.

३) चहाची सवय मंदीने व जाहिरातीने निर्माण केली, परंतु चहाचे आजचे रूप भारतीय विक्रेत्यांनी व गृहिणींनी घडविले. आज देशातील उत्पादनाचा सुमारे चार-पंचमांश भाग देशातच खपतो, हे त्याचेच फलित आहे.

४) महाराष्ट्रात चहाने खानपानाच्या निर्बंधांना धक्का दिला, पण जातिभेद त्याच पेल्यात काही काळ शिल्लक राहिला.

पंचहौदाच्या प्रकरणात चहा पाजणारा कोण, याची चौकशी झाली. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याबरोबरच तो चहा पिकविणारा कोण, याचीही चौकशी केली पाहिजे. आपल्याकडे पहिल्या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्या प्रश्नावर मराठीत फारच थोडे. या दिशेने अधिक संशोधन होणे अगत्याचे आहे.